तीस क्रेडिट, अठ्ठेचाळीस नमुने

मृदाशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला त्या दिवशी विभागाच्या कार्यालयातून एक पाठपोट छापलेला कागद हातात पडला. पदवीसाठी लागणाऱ्या सगळ्या अटी त्यावर होत्या. एकूण ३० क्रेडिट, त्यांतली २४ विषयांची आणि ६ प्रबंधाची. सल्लागार समिती किमान तिघांची, त्यांतला एक जण विभागाबाहेरचा. दुसरं सत्र संपायच्या आत संशोधनाचा आराखडा मंजूर झालेला हवा. एक सेमिनार, एका सत्राचं अध्यापन-साहाय्य, प्रबंध, तोंडी परीक्षा. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, ‘मातीचे नमुने व नोंदवह्या विभागाकडे जमा केल्याची पावती’.

क्रेडिटचे आकडे विद्यापीठागणिक बदलतात, पण यादीचा सांगाडा बहुतेक ठिकाणी असाच असतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय. प्रवेश घेताना मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी रसायनशास्त्रातून आले होते. मातीतलं रसायन कळलं की माती कळली, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. त्यामुळे त्या कागदावर माझ्या नावापुढे पेनाने आणखी दोन विषय लिहिलेले पाहून मी नाराज झाले. ‘मृदाशास्त्राची ओळख’ आणि ‘मृदा-रूपविज्ञान व वर्गीकरण’. दोन्ही पदवीपूर्व स्तराचे. उत्तीर्ण व्हायचंच, पण त्यांची क्रेडिट ३० मध्ये धरायची नाहीत. दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांना अशा पूर्वतयारीच्या अटी लागतातच. पहिला विषय ठीक, पण दुसऱ्यातून सूट मिळावी म्हणून मी अर्ज लिहिला आणि मार्गदर्शक मॅडमकडे सही मागायला गेले. मॅडमनी तो वाचून परत दिला. म्हणाल्या, “आधी खड्ड्यात उतर. त्यानंतरही वाटलं, तर सही करते.”

खड्डा विद्यापीठाच्या संशोधन-क्षेत्राच्या कडेला होता. दीड मीटर खोल, एका बाजूने उतरायला पायऱ्या, समोरची भिंत उजेडाकडे तोंड करून. आम्ही पाच जण खाली उतरलो. फावड्याने खणताना भिंत घासून गुळगुळीत झालेली असते, आणि तशा भिंतीवर काही दिसत नाही. म्हणून पहिलं काम, सुरीच्या टोकाने वरपासून खालपर्यंत भिंत हलकेच उचकटत जायची. तासाभरात तिचं रूप पालटलं. वर भुरभुरीत बारीक दाणे, त्याखाली कोनदार ढेकळं, त्यांच्या फटींतून गेलेली मुळं, आणखी खाली फिकट होत गेलेला रंग. जिथे बदल दिसेल तिथे खिळा ठोकायचा. एका थरापाशी आम्हा पाच जणांचे खिळे पाच ठिकाणी होते, आणि सर म्हणाले की पाचही बरोबर असू शकतात, कारण निसर्गाने तिथे रेघ मारलेली नाही.

मग रंग. ढेकूळ मोडायचं, आतली बाजू पाण्याने ओलसर करायची, ऊन पाठीशी घेऊन मुनसेलच्या रंगपुस्तिकेतल्या भोकामागे धरायची आणि शेजारच्या रंगांशी जुळवायची. वरच्या थराचा रंग १० वायआर ३/२ निघाला. यातलं १० वायआर म्हणजे पिवळ्या-तांबड्यातली छटा, ३ म्हणजे उजळपणा आणि २ म्हणजे रंगाची तीव्रता. आपण ज्याला नुसतं ‘काळपट’ म्हणून सोडून देतो, त्याला इतका नेमका पत्ता असतो हे मला त्या दिवशी कळलं.

पोत ओळखायला तर फक्त हात. मूठभर माती पाण्याने मळून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी काढायची. वाळू बोटांना करकरते, गाळ पावडरीसारखा मऊ लागतो, चिकणमाती चिकटते आणि लांबते. पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयट्याची जात, पाचाच्या पुढे गेली तर चिकणमाती. माझी पट्टी पहिल्या दिवशी दर वेळी वेगळ्या लांबीवर तुटत होती. आठवड्याभराने बोटं स्थिर झाली.

शेवटी सरांनी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपर-बाटली दिली. वरून खाली एकेक थेंब टाकत जायचं. वर काही नाही. ४५ सेंटिमीटरच्या सुमारास माती फसफसायला लागली, आणि तिथून खाली पांढरे ठिपके आणि जोरदार फेस. मी फील्ड बुकमध्ये लिहिलं, ‘४५ सेंमीखाली चुनखडी, तीव्र फसफस’. वही मिटली. सूटीचा अर्ज मी त्याच संध्याकाळी फाडला. त्या ओळीची गरज पुढे किती पडणार आहे, याची मात्र काही कल्पना नव्हती.

विषयांबद्दल फार लिहीत नाही. मृदा-भौतिकी, मृदा-रसायन, मृदा-सूक्ष्मजीवशास्त्र, सुपीकता हे सगळे आले. सरासरी श्रेणी ठरलेल्या पातळीखाली गेली तर पुढचं सत्र देखरेखीखाली काढावं लागतं. भौतिकीत पाण्याच्या वहनाची समीकरणं सुरू झाली तेव्हा मला ती भीती होती, पण अभ्यासाने निभावलं. संख्याशास्त्राचे दोन विषय सक्तीचे होते. मी ते शेवटच्या सत्रावर ढकलायचं ठरवलं होतं. तुमच्या यादीत ते असतील तर पहिल्याच सत्रात घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगते. कारण पुढे येतंच.

विभागाबाहेरचा सदस्य म्हणून मॅडमनी संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक सुचवले. समितीची पहिली बैठक पहिल्या सत्राच्या शेवटी झाली. माझा विषय ठरला होता. नांगरट थांबवली तर जमिनीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून आणि मुळांतून आलेला कार्बन, वाढतो का? आराखडाही साधा होता. शेजारी-शेजारी दोन शेतं, एक दरवर्षी नांगरलेलं, दुसरं बरीच वर्षं न नांगरलेलं. प्रत्येकातून २० नमुने घ्यायचे, कर्ब मोजायचा, तुलना करायची.

संख्याशास्त्राच्या सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुमच्याकडे पुनरावृत्ती किती आहेत?”

“वीस,” मी म्हटलं.

“एक आहे,” सर म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. त्यांनी कागदावर दोन चौकोन काढले आणि एकात भराभर वीस ठिपके दिले. “न नांगरलेलं शेत तुमच्याकडे एकच आहे. त्यातून वीस काय, दोनशे नमुने घ्या, त्या एकाच शेताची माहिती जास्त बारकाईने मिळेल. दोन शेतांत फरक निघाला, तर तो नांगरटीमुळे पडला, की उतारामुळे, की एकात पूर्वी जास्त शेणखत पडलं होतं म्हणून, हे कशावरून सांगणार?” या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली परिसरशास्त्रातल्या प्रयोगांच्या संदर्भात हा शब्द रूढ केला. नमुन्यांची संख्या आणि प्रयोगाच्या एककांची संख्या यांत गल्लत करायची नाही, इतकंच त्यामागचं सूत्र. मी संख्याशास्त्राचा विषय आधी घेतला असता तर हे बैठकीआधीच लक्षात आलं असतं.

आराखडा मंजूर झाल्याशिवाय शेतात पाऊल टाकायचं नाही, ही अट मला तोवर कागदी घोडे नाचवण्यातली वाटत होती. ती नसती तर मी सुट्टीत चाळीस नमुने काढून मोकळी झाले असते, आणि दीड वर्षाने तोंडी परीक्षेत याच प्रश्नापाशी अडकले असते. तेव्हा हातात काही उरलं नसतं.

मॅडमनी संशोधन-क्षेत्रावरच्या जुन्या प्रयोगाचं नाव काढलं. तो अठरा वर्षं चालू होता. खोल नांगरट, हलकी मशागत आणि नांगरट नाही, अशा तीन पद्धती. प्रत्येक पद्धत चार गटांत, गटातल्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या. एकूण १२ वाफे. “नवा प्रयोग मांडून दोन वर्षांत कर्बातला बदल दाखवता येणार नाही,” त्या म्हणाल्या, आणि मला तिथल्या तिथे हिशोब करायला लावला. एक हेक्टर जमीन, १५ सेंटिमीटर खोली, घनता (घन सेंटिमीटरला ग्रॅममध्ये) १.३३ धरली तर मातीचं वजन जवळपास २००० टन. कर्ब एक टक्का असेल तर २० टन. समजा वर्षाला ०.२ टनाची भर पडली, तर दोन वर्षांत ०.४ टन, म्हणजे फक्त ०.०२ टक्क्याचा फरक. एकाच वाफ्यात दोन पावलांवर घेतलेल्या नमुन्यांत याहून जास्त फरक सापडतो. अठरा वर्षांची साठवण मात्र मोजण्याजोगी असू शकते.

खोलीवरून बराच वाद झाला. मी १५ सेंटिमीटरवर थांबणार होते. पण नांगरट थांबली की पालापाचोळा वरच साठतो आणि कर्ब वरच्या थरात गोळा होतो. नांगरलेल्या जमिनीत तोच पाला नांगराच्या तळापर्यंत गाडला जातो. फक्त वरचा थर मोजला तर न नांगरलेली जमीन आपोआप जिंकते. म्हणून चार थर ठरले, ०–५, ५–१५, १५–३० आणि ३०–६० सेंटिमीटर. बारा वाफे, चार थर, ४८ नमुने. प्रत्येक नमुना वाफ्यातल्या आठ जागांची माती एकत्र करून घेतलेला.

सोबत प्रत्येक थराची घनता. धातूचं नळकांडं मातीत सरळ ठोकायचं, दोन्ही तोंडं सुरीने सपाट करायची, माती १०५ अंशांवर सुकवून वजन करायचं आणि आकारमानाने भागायचं. दिसायला हे किरकोळ काम. पण आकडे बघा. नांगरलेल्या वाफ्याची घनता १.२५ आणि न नांगरलेल्याची १.४० धरली, तर ३० सेंटिमीटर खोलीत पहिल्यात हेक्टरी ३७५० टन माती बसते आणि दुसऱ्यात ४२०० टन. ४५० टन जास्तीची माती, एक टक्का कर्ब धरला तर साडेचार टन कर्ब निव्वळ माती दाबली गेल्यामुळे ‘वाढलेला’ दिसतो. म्हणून तुलना सारख्या खोलीची करायची नाही, सारख्या वजनाच्या मातीची करायची. हे मी माझ्या प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं पान मानते, आणि समितीने ते करायला लावलं.

नमुने काढायला मला नऊ दिवस लागले. ओली माती पिशवीत कोंडून ठेवली तर तिच्यातले जिवाणू काम करतच राहतात, म्हणून रोज संध्याकाळी सगळी माती सावलीत कागदावर पसरायची. सुकल्यावर हाताने ढेकळं फोडून, मुळं वेचून, २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायची. कर्बासाठी त्यातला थोडा भाग आणखी बारीक कुटायचा.

प्रयोगशाळेच्या विषयात आम्ही वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची पद्धत शिकलो होतो. मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं, अर्धा तास थांबायचं, मग उरलेल्या डायक्रोमेटचं टायट्रेशन. ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंब थेंब पडत असतं, फ्लास्कमधला रंग गडद निळा-जांभळा होतो आणि एका थेंबासरशी हिरवा होतो. तो थेंब चुकला की फ्लास्क वाया. सरासरी ७७ टक्केच कर्ब या पद्धतीत जळतो असं धरून उत्तराला १.३ ने गुणतात. प्रबंधासाठी मात्र विभागात कोरड्या ज्वलनाचं यंत्र वापरत. भट्टीत माती पूर्ण जाळायची आणि बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. अंदाजाचा गुणक नाही, क्रोमियमचा विषारी कचराही नाही.

यंत्राचे आकडे आले आणि मी दोन दिवस हवेत होते. बाराही वाफ्यांत ३०–६० सेंटिमीटरच्या थरातला कर्ब १५–३० पेक्षा जास्त! खोल मुळांनी कर्ब खाली नेऊन साठवला, असा एक परिच्छेद मी लिहूनही टाकला आणि मॅडमना पाठवला. परत आला तेव्हा समासात एकच ओळ होती. ‘तुझी खड्ड्याची फील्ड बुक काढ.’

काढली. ‘४५ सेंमीखाली चुनखडी, तीव्र फसफस’. तोच पट्टा, तीच जमीन, वाफ्यांपासून चालत पाच मिनिटांवर. यंत्र सेंद्रिय कर्ब आणि चुनखडीतला कर्ब वेगळे ओळखत नाही, तापवल्यावर दोन्हींतून तोच वायू येतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात १२ टक्के कर्ब असतो. म्हणजे मातीत पाच टक्के चुनखडी असली तरी ०.६ टक्के कर्ब तिचाच. माझी खोल मुळं ती एवढीच होती. ३०–६० च्या नमुन्यावर आम्लाचा थेंब टाकला आणि फेस आला, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. हे मीच टिपून ठेवलं होतं आणि मीच विसरले होते. पुढचे तीन आठवडे प्रत्येक नमुना बंद बाटलीत आम्लाबरोबर ठेवून, आतला दाब मोजून, चुनखडीतला कर्ब काढला आणि एकूण आकड्यातून वजा केला. ज्या विषयातून मला सूट हवी होती, त्याच विषयाने प्रबंध वाचवला.

अध्यापन-साहाय्याच्या सत्रात मी पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रात्यक्षिकं घेतली. हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या घनतामापकाने, कणांचं प्रमाण काढताना ४० सेकंदांनी आणि मग दोन तासांनी वाचन घेतात. एका मुलीने विचारलं, ४० च का? उत्तर द्यायला मला स्टोक्सचा नियम पुन्हा मुळापासून मांडावा लागला. मोठा कण लवकर तळ गाठतो, ४० सेकंदांत वाळू खाली बसते, गाळ आणि चिकणमाती तरंगत राहते. पाणी कोमट असेल तर हे सगळं लवकर घडतं, म्हणून तापमानाची दुरुस्ती करायची. ते सत्र झाल्यावर पोताबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

निकाल असा आला. वरच्या ५ सेंटिमीटरमध्ये न नांगरलेल्या वाफ्यांत कर्ब स्पष्टपणे जास्त. १५–३० मध्ये नांगरलेल्या वाफ्यांत थोडा जास्त. आणि ६० सेंटिमीटरपर्यंतच्या सगळ्या मातीची बेरीज केली तर तीन पद्धतींत वेगळा करून दाखवता येईल असा फरक नाही. मी घाबरले. प्रबंधात ‘फरक नाही’ लिहिलं तर पदवी मिळेल का? संख्याशास्त्राचे सर म्हणाले, “फरक नाही आणि फरक सापडला नाही, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तुमचं दुसरं आहे. किती मोठा फरक तुमच्या प्रयोगाला दिसला असता, तेही लिहा.” तो परिच्छेद मी सहा वेळा लिहिला.

तोंडी परीक्षा दोन तास चालली. पहिला अर्धा तास माझं सादरीकरण, मग प्रश्न. समितीतल्या एका सरांनी ट्रेमधून एक सुकं ढेकूळ पुढे सरकवलं. लेबल नव्हतं. “याबद्दल सांगा.” पाण्याचं भांडं शेजारीच होतं. थोडी माती मळली, पट्टी काढली, ती सहा सेंटिमीटरच्या पुढे जाऊनही तुटली नाही. ढेकळाच्या दोन बाजू तिरप्या आणि घोटल्यासारख्या चकचकीत होत्या, बारीक चरे असलेल्या. ओली झाल्यावर माती फुगते आणि तिचे भाग एकमेकांवर घासून सरकतात, त्याच्या या खुणा. मी व्हर्टिसॉल म्हटलं. अमेरिकी वर्गीकरणातल्या १२ गणांपैकी एक. सरांनी मान हलवली आणि खरा प्रश्न टाकला. “मग या जमिनीत तुमचं नळकांडं काय सांगेल?” मी थांबले. ही माती ओलाव्याप्रमाणे आकसते आणि फुगते, म्हणजे तिची घनताच एक नाही. ओलावा सांगितल्याशिवाय घनतेचा आकडा अर्धवट. नाहीतर ढेकळाला मेणाचा लेप देऊन पाण्यात बुडवून आकारमान काढावं लागेल. हे बोलताना ढेकूळ माझ्या हातातच होतं आणि बोटं चिकट झाली होती. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

दुरुस्त्या निघाल्या चौदा. बहुतेक तक्त्यांच्या, एक एककांची. दोन आठवड्यांत त्या झाल्या, प्रबंध बांधून दिला, सगळ्या सह्या आल्या. राहिली ती तळाची बारीक अक्षरांतली ओळ.

मातीचे नमुने जपून ठेवण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे १८४३ मध्ये दीर्घकालीन प्रयोग सुरू झाले आणि तिथे एकोणिसाव्या शतकातल्या मातीच्या बाटल्या अजून आहेत. ज्यांनी ती माती भरली, त्यांच्या स्वप्नातही नव्हती अशी मोजमापं पुढच्या पिढ्यांनी तिच्यावर केली. आमच्या विभागाचं कोठार लहान, तळमजल्यावर. मी ४८ बरण्या हातगाडीवर घेऊन गेले. कोठार सांभाळणाऱ्या काकांनी एकेक बरणी उजेडात धरून पाहिली. आत एक चिठ्ठी, बाहेर एक लेबल, दोन्ही पेन्सिलने, कारण शाई फिकटते. एकतिसाव्या बरणीवर वाफ्याचा क्रमांक होता, खोली नव्हती. काकांनी झाकण उघडून आतली चिठ्ठी चिमट्याने बाहेर काढली, मातीची धूळ झटकली. ‘वाफा ७, ३०–६०’. ती बाहेर लिहून घेतली आणि मग नोंदवही माझ्यापुढे ठेवली.

नोंदवहीत शेवटचा रकाना होता, ‘नमुन्यांविषयी विशेष सूचना’. वरच्या बहुतेक ओळींत तो कोरा होता. मी लिहिलं, ‘३०–६० सेंमीच्या सर्व नमुन्यांत चुनखडी आहे. ज्वलनाने कर्ब मोजल्यास असेंद्रिय कर्ब वेगळा काढून वजा करावा.’ काकांनी ते वाचलं, खाली सही केली आणि पावती फाडून दिली.